शिंगाची मूठ

भूपालअण्णा चाकू हातात आला की आधी त्याचा वास घ्यायचे. पातं, धार, कारखान्याचा छाप हे सगळं मागाहून. सांगलीच्या एस.टी. स्टँडजवळच्या एका हॉटेलात महिन्याच्या दुसऱ्या रविवारी आम्ही जुन्या घडीच्या चाकूंचे तीन शौकीन जमायचो. मी साताऱ्याहून येणारा निवृत्त मास्तर, दुसरे कुंडलचे सुभेदार आणि तिसरे अण्णा. टेबलावर पंचा पसरून ज्यानं त्यानं आणलेला माल मांडायचा. अण्णा खिशातून सुई काढत, लायटरवर तापवत आणि मुठीच्या आतल्या बाजूला हळूच टेकवत. लाकडाच्या धुराचा वास आला की खूश. जळक्या केसांसारखा वास आला, की मूठ शिंगाची किंवा हाडाची. अण्णा जैन, आणि नेमाचे पक्के. मग तो चाकू कितीही देखणा असला तरी परत पंच्यावर जायचा. "ह्यो आपला न्हाई," एवढंच म्हणायचे.

घरात कांदासुद्धा न चिरणाऱ्या माणसाला एवढे चाकू हवेत कशाला, असं सुभेदार त्यांना दर महिन्याला विचारत. अण्णा शांतपणे म्हणायचे, "म्हणून तर धार टिकलीया, गड्या." सुभेदारांना तपकिरीचं व्यसन. त्यांच्या नाकाला अत्तर आणि रॉकेल सारखंच, असं अण्णा चारचौघांत सांगत. हॉटेलवाला आमच्यापुढे चहा ठेवताना आधीच हसत असायचा.

अण्णांच्या वडिलांचा पानमळा होता. त्यांच्या कमरेला शिसवी मुठीचा एक चाकू असायचा, पितळी टोप्यांचा, पात्यावर छोटा मुकुट कोरलेला. लहानपणी अण्णांनी तो कृष्णेच्या पात्रात हरवला. वडील रागावले नाहीत, आणि तेच अण्णांना जन्मभर लागून राहिलं. त्यांचा हा सगळा छंद त्या एका चाकूचा शोध होता, हे आम्हाला फार उशिरा कळलं.

कोरोनात अण्णांच्या पत्नी गेल्या. अण्णा वाचले, पण त्यांना वास येणं कायमचं बंद झालं. पुढे बैठका सुरू झाल्या तेव्हा ते आले, पंच्याच्या कडेला बसून राहिले. सुई माझ्याकडे सरकवून म्हणाले, आता तुमचं नाक तेच माझं नाक. मग ते पूर्वीसारखं बोलेनात. सुभेदारांनी कांद्याचा विषय काढला तरी नुसते मान हलवायचे.

अशात वाईला एका भंगारवाल्याच्या टोपलीत मला अगदी तसाच चाकू दिसला. पितळी टोप्या, काळीभोर मूठ, पात्यावर मुकुट. रविवारी मी तो पंच्यावर ठेवला आणि अण्णांनी मुकुटावरून अंगठा फिरवला. त्यांनी सुई माझ्यापुढे केली. मी ती तापवून टेकवली. जळक्या केसांचा वास आला. म्हशीचं शिंग होतं.

अण्णा माझ्या तोंडाकडे पाहत होते. इतक्या महिन्यांत त्या चेहऱ्यावर काही उजळलेलं मी पाहिलं नव्हतं. पस्तीस वर्षं पोरांना खरं बोला म्हणून दटावणारा मी मास्तर, मी म्हणालो, "शिसव आहे, अण्णा."

त्या दिवशी त्यांनी दोन चहा घेतले आणि सुभेदारांच्या तपकिरीवर तोंडसुख घेतलं. मला वाटलं, केलं ते बरंच केलं. पुढे वर्षभर तो चाकू त्यांच्या खिशात होता. श्रावणातल्या बैठकीत ते सहज बोलून गेले की बस्तीत, म्हणजे त्यांच्या मंदिरात जाताना चामड्याचा पट्टा, पाकीट सगळं बाहेर काढून ठेवतो, पण हा चाकू तेवढा जवळ ठेवतो. लाकूडच तर आहे, वडील शेजारी बसल्यासारखं वाटतं. मी कप खाली ठेवला. मी तिथल्या तिथे सगळं सांगून टाकलं.

अण्णांनी चाकू काढून पंच्यावर ठेवला. "कवापासनं ठाऊक हुतं?"

"पहिल्या दिवसापासून."

त्यांनी पंच्याचं टोक सरळ केलं. मग म्हणाले, "माजं नाक गेलं त्याचं मला लय वाटलं न्हवतं, गुरुजी. तुमचं हाय, म्हणलं हुतं."

त्यांनी प्रायश्चित्ताचे तीन उपवास केल्याचं मला सुभेदारांकडून कळलं. पुढच्या बैठकीला अण्णा आले, माझी चौकशी केली, हसले. पण सुई त्यांनी सुभेदारांपुढे सरकवली. सुभेदार उगीच हुंगल्यासारखं करून माझ्याकडे पाहत राहिले. मी लवकरची एस.टी. धरली.

भाद्रपदात जैनांचं दशलक्षण पर्व संपलं की क्षमावणीचा दिवस येतो. वर्षभरात कळत नकळत दुखावल्याबद्दल त्या दिवशी एकमेकांची क्षमा मागायची. अण्णा दर वर्षी सकाळीच आम्हाला फोन करायचे. यंदा सुभेदारांना आला. मी दिवसभर फोन शेजारी घेऊन बसलो होतो. दोनदा त्यांचा नंबर काढला आणि ठेवून दिला. ते अजून रागावले असतील तर आपण कुठल्या तोंडानं बोलायचं, असं वाटलं. खरं सांगायचं तर भीती वाटली.

त्यानंतर नवव्या दिवशी अण्णा गेले. ताप काय तो दोन दिवसांचा.

भेटायला गेलो तेव्हा त्यांच्या सुनेनं मला आत बसवलं. क्षमावणीला अण्णांनी सगळ्यांना फोन केले, मग गुरुजींना लावून देऊ का, असं तिनं त्यांना विचारलं होतं. अण्णा नको म्हणाले. मोबाईल चार्जिंगलाही लावू दिला नाही, उशाशी घेऊन बसले.

"मला म्हणालं, औंदा गुरुजी करत्याल," ती म्हणाली. "दिवस मावळला तरी जेवलं न्हाईत. आन मग दिवस मावळल्यावर त्यास्नी जेवायचं नसतं, तसंच झोपलं."