गरम पाण्यात सपाट झालेली पट्टी

सुरतेच्या इस्पितळात मी हातांच्या व्यायामाच्या विभागात लागले, तेव्हा नव्वदचं दशक निम्मं सरलं होतं. मिलमध्ये भाजलेले, कापलेले हात यायचे. बोटं आखडू नयेत म्हणून त्यांना आधाराची पट्टी बसवणं हे माझं काम. तोवर प्लास्टर घालत. बोट जरा सरळ झालं की जुनं फोडायचं, नवं घालायचं. मी हट्टाने रबर आणि प्लास्टिकच्या मिश्रणाची शीट मागवून घेतली. गरम पाण्यात ती मऊ व्हायची, हातावर बसवून निवली की तो आकार धरून ठेवायची आणि पुन्हा गरम पाण्यात टाकली की आपोआप मूळची सपाट व्हायची. एकच तुकडा कितीदाही वापरा. मोठ्या डॉक्टरांचा विश्वास बसेना. माझा पुरता बसला होता. एका रुग्णावर करून बघते म्हटलं, ते हो म्हणाले.

रुग्ण सुरतेतल्याच बमरोलीत राहणारा, कापड रंगवणाऱ्या डाइंग मिलमधला, मूळचा धुळ्याकडचा. वाफेने उजवा तळवा भाजला होता. जखम भरली, पण व्रणाच्या कातडीने बोटं आत ओढून घेतली होती. मी पट्टी बसवली, ती रात्रंदिवस बांधायला सांगितली आणि बायकोला रोज तेल लावून बोटं ताणायला शिकवलं. दर आठवड्याला मी पट्टी मऊ करून आणखी थोडी सरळ बसवायची असं ठरलं.

तिसऱ्या आठवड्यात दोघं आले तेव्हा पट्टी हातावर नव्हती. बायकोने पिशवीतून एक सपाट तुकडा काढून टेबलावर ठेवला आणि मान खाली घातली. घामाचा वास येत होता म्हणून तिने ती अंघोळीच्या कढत पाण्यात बुडवली होती. नवरा रागावला नव्हता, पण आता नवी मिळणार नाही अशी त्याला धास्ती होती.

"ताई, मी पट्टी बिघाडी टाकी," ती म्हणाली.

आमच्याही घरात अहिराणीच. मी म्हटलं, "काहीच बिघडनं नही, वहिनी. मी आज हेच करणार होते."

मग पातेल्यात पाणी तापवलं, तुकडा मऊ केला आणि बोटं धरायला तिलाच सांगितलं. तिने ती माझ्या अंदाजापेक्षा बरीच सरळ धरली. दुखतंय का, मी त्याला विचारलं. तो नाही म्हणाला. मी घाबरून जेवढं ताणलं नसतं, तेवढं ती रोज घरी न चुकता ताणत होती. पट्टी निवेपर्यंत तिने हात हलू दिला नाही.

तो तुकडा आम्ही आणखी आठ वेळा सपाट केला. करंगळी शेवटपर्यंत थोडी वाकडीच राहिली. बाकीची बोटं उघडली, मूठ वळू लागली. मिलने त्याला कापडाच्या घड्या घालायच्या घडीखात्यात घेतलं. मोठ्या डॉक्टरांनी हात उलटसुलट करून पाहिला आणि दोन शीट मागवायला सांगितल्या. मी चार मागवल्या.