सूरच्या किनाऱ्यावर फिलूमावशीचा हिरो

गुरुवारी दुपारी मी चपात्या लाटत होते. फिलूमावशी मोबाईल घेऊन स्वयंपाकघरात आली.

"हे सूर म्हणून गाव आहे, ते इथून किती लांब?"

"अडीच तास. का गं?"

"आ-मान आलाय तिथे."

मी लाटणं खाली ठेवलं. आता इथे मावशीबद्दल सांगायला हवं, नाहीतर पुढचं काहीच कळणार नाही. फिलूमावशी म्हणजे माझ्या आईची धाकटी बहीण. वसईची, वय अडुसष्ट, लग्न केलं नाही. महिनाभरासाठी ती आमच्याकडे मस्कतला, अल् घुब्राच्या फ्लॅटवर आली होती. ऐन तारुण्यात ती एका गुजराती कुटुंबाबरोबर स्वयंपाकीण म्हणून हाँगकाँगला गेली. ते कुटुंब परत आलं, पण ही त्याच इमारतीतल्या एका म्हाताऱ्या चिनी बाईकडे राहिली. त्या बाईला ती 'पोपो' म्हणायची, म्हणजे आजी. पोपोकडे तिने एकवीस वर्षं काढली.

त्या इमारतीच्या गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीत एक तरुण राहायचा, तो हा आ-मान. टीव्हीवर कामं करायचा. कामं म्हणजे गर्दीतला शिपाई किंवा पांढऱ्या चादरीखालचं प्रेत. पोपो त्याला सूप द्यायची आणि त्या बदल्यात तो स्वयंपाकघरात उभा राहून उद्याचे संवाद म्हणून दाखवायचा. पोपोला ऐकू कमी यायचं, त्यामुळे खरी प्रेक्षक मावशीच. ती कॅन्टोनीज शिकली ती त्याच्याकडून आणि टीव्हीवरून. मग त्याला दोन वाक्यांचा वेटर मिळाला. पुढे नूडल्सच्या दुकानावरच्या एका मालिकेत वाया गेलेला मुलगा मिळाला आणि ती मालिका लागली की इमारतीतले जिने रिकामे व्हायचे म्हणे. मग सिनेमा. आधी खलनायकाचा माणूस, मग खलनायक, मग हिरो. गच्चीवरची खोली केव्हाच सुटली होती.

ही गोष्ट आमच्या घराण्यातल्या प्रत्येक लग्नात मावशीने सांगितलेली आहे. कधी तो तीन वाट्या सूप प्यायचा, कधी पाच. आम्ही सगळी भावंडं 'हो का' म्हणायचो आणि एकमेकांकडे बघायचो. खरं सांगायचं तर माझा निम्म्यावर विश्वास नव्हता. आता हाँगकाँगच्या तिच्या जुन्या चर्चमधल्या एका मैत्रिणीने फोटो पाठवला होता: डोक्याला फेटा गुंडाळलेला एक माणूस, मागे लाकडी गलबत. खाली लिहिलं होतं, ओमान, सूर.

"जाऊया," माझा नवरा विल्सन म्हणाला. "नाहीतरी वीकेंडला आपण लोळतच असतो."

शुक्रवारी सकाळी साडेसहाला निघालो. तुम्ही जाणार असाल तर हीच वेळ पकडा. रस्ते रिकामे असतात. कुरियातपर्यंत डोंगर कापत जाणारा एक्सप्रेसवे आहे, मग डाव्या हाताला समुद्र लागतो तो सूरपर्यंत सोडत नाही. टोल नाही. पेट्रोल कुरियातलाच भरून घ्या. तिथेच एका टपरीवर करक चहा आणि अंड्याचा पराठा खाल्ला, तिघांचं मिळून दीड रियाल झालं. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हवा छान असते. इतर महिन्यांत वयस्कर माणसाला घेऊन जाऊ नका.

वाटेत हवियत नज्मला थांबलो. जमीन खचून झालेला खड्डा, त्यात हिरवं पाणी, खाली जायला पायऱ्या. मावशी वरच बाकावर बसली.

"पण तुला काय करायचंय त्याला भेटून?" मी विचारलं.

"एक निरोप द्यायचा राहिलाय."

"कोणाचा?"

"पोपोचा. चल, ऊन वाढेल."

पोपो जाऊन पंधरा वर्षं झाली होती. गाडीत माझं डोकं चालू झालं. हा माणूस हिला ओळखणार नाही, चारचौघांत हिचा चेहरा पडेल, आणि मग ती वसईला परत जाईपर्यंत तो चेहरा मलाच सांभाळावा लागेल.

सूरला पोचलो तेव्हा जुम्म्याच्या नमाजामुळे सगळं बंद. दुपारी दीडनंतर हॉटेलं उघडली. किंगफिशचं, म्हणजे आपल्या सुरमईचं, कालवण आणि भात खाऊन गलबतं बांधतात त्या यार्डात गेलो. सागाचा वास, अर्धवट फासळ्या लावलेलं एक मोठं जहाज, आणि शूटिंगचा पत्ता नाही. फाटकाशी जेवणाचे डबे गाडीत चढवणारे एक गृहस्थ दिसले. इस्माईलभाई, मूळचे रत्नागिरीचे. शूटिंगच्या लोकांना जेवण तेच पुरवत होते.

"काल होता इथंच," ते म्हणाले. "आज अर्बाब बोलला, गलबत देत नाय. मालकच तो, त्याच्यापुढे काय बोलणार. मग सगळी गेली पुलापलीकडं, ऐजाला. नायतर समुद्रावर. मला फोन येतो तसा मी जातो."

"आणि हिरो?"

"हिरो कोणता ते मला पण नीट म्हाईत नाय. दोघंजण एकसारखे कपडे घालून फिरतात. एकाला रस्सा लागतो, एकाला नाय."

पुलापलीकडे ऐजाला गेलो. पांढरी घरं, टोकाला दीपगृह, आणि दोऱ्या लावून अडवलेला किनाऱ्याचा तुकडा. दोरीच्या अलीकडे प्लास्टिकच्या खुर्चीवर फेटा, दाढी, लांब झगा घातलेला तो माणूस बसला होता. अगदी फोटोतला. मी सरळ जाऊन हात मिळवला, इंग्रजीत दोन वाक्यं बोलले आणि सेल्फीही काढली. तो फार नम्र होता. मागे वळून बघते तर मावशी गाडीला टेकून उभी.

"ये ना मावशी."

"तो नाही हा," ती म्हणाली. "हा डाव्या हाताने कप धरतोय."

तो बदली होता. उन्हात प्रकाश, कॅमेरा वगैरे जुळवताना हिरोच्या जागी उभा राहणारा. त्याने स्वतःच सांगितलं, हसून. खरा हिरो दूर पाण्यात एका होडीत होता आणि तिथून मला ठिपक्यापलीकडे काही दिसत नव्हतं. दोरीपाशी वॉकीटॉकी घेतलेली एक मुलगी होती. तिने सांगितलं की आज जमणार नाही, उद्या सकाळी आठला यार्डात या, मी बघते. पण मालक गलबत देत नव्हता ना? आता तयार झाला. मग आज 'नाही' का म्हणाला? ती वॉकीटॉकीवर बोलायला लागली.

राहायला किनाऱ्यालगत एक साधं हॉटेल मिळालं, बावीस रियालला दोन खोल्या, नाश्ता धरून. मावशी लवकर झोपली. मी विल्सनला म्हटलं, "उद्या सकाळी परस्पर परत निघूया का? सांगू, शूटिंग रद्द झालं."

"हिला खोटं सांगणार?"

"तो ओळखणार नाही रे. तीस वर्षं झाली. त्याला दिवसाला शंभर म्हाताऱ्या भेटत असतील."

"मग नाही ओळखणार," विल्सन म्हणाला. "ते तिचं तिला बघू दे की."

सकाळी मावशीने निळी साडी नेसली. मी तिला साडीत फक्त चर्चमध्ये बघितलं होतं. यार्डात या वेळी पन्नासेक माणसं होती. वॉकीटॉकीवाली मुलगी आम्हाला एका ओंडक्याच्या मागे उभं करून गायब झाली. एकच दृश्य सात वेळा झालं. फेटेवाला माणूस, या वेळी खराच आ-मान, शिडीवरून उतरायचा, गलबताच्या अंगावर हात ठेवायचा, काहीतरी म्हणायचा. प्रत्येक वेळी मला ते तेच वाटायचं, पण मावशी मध्येच मान हलवायची, कधी होकारार्थी, कधी नकारार्थी.

आठव्यांदा थांबल्यावर सगळीकडे शांतता होती आणि मावशी एकदम बोलली. मोठ्याने, कॅन्टोनीजमध्ये, एकच वाक्य.

पन्नास माणसं वळली. मला जमिनीत शिरावंसं वाटलं. मग एक प्रकाशवाला फिस्सकन हसला, मग दुसरा, आणि सगळं यार्ड हसायला लागलं. फेटेवाला हसला नाही. तो ओंडका ओलांडून आमच्याकडे आला, मावशीसमोर उभा राहिला, आणि दोन्ही हातांनी त्याने तिचं कोपर धरलं.

ते पाच-सहा मिनिटं बोलले. मला एक अक्षर कळलं नाही. मी मावशीकडे बघत राहिले, कारण त्या बाईला मी ओळखत नव्हते. ती भराभर बोलत होती. हात नाचवत होती. त्याला मध्येच तोडत होती, चिडवत होती, एकदा तर तिने त्याच्या खोट्या दाढीला टिचकी मारली. वसईची फिलूमावशी वाक्य पूर्ण करायच्या आधी चार वेळा थांबते. मग तिचा आवाज खाली आला. ती काहीतरी हळू सांगू लागली आणि तो ऐकता ऐकता खाली बघायला लागला. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. ते मी अगदी जवळून पाहिलं. त्याने वाकून नमस्कार केला, त्याला हाक आली, तो गेला. तेच दृश्य नवव्यांदा लगेच सुरू झालं.

मी त्या मुलीला गाठलं. "त्यांनी ओळखलं ना हिला?"

"ते सगळ्यांशी असेच वागतात," ती म्हणाली. "फार चांगले आहेत. वयस्कर बायकांशी तर खूपच."

"पण ती काय म्हणाली, सगळे एवढे हसले ते?"

"ते समजावणं अवघड आहे," मुलगी म्हणाली आणि पुन्हा हसायला लागली.

परतीच्या वाटेवर फिन्सच्या किनाऱ्यावर थांबून आम्ही इस्माईलभाईंनी बांधून दिलेली बिर्याणी खाल्ली. मग मी विचारलंच. "कोणता निरोप दिलास?"

मावशी सावकाश सांगू लागली. शेवटच्या वर्षी पोपोचं भान गेलं होतं. आ-मान टीव्हीवर दिसला, की तिला वाटायचं तो खरंच संकटात आहे, उपाशी आहे. ती मावशीला टीव्हीपुढे सूपची वाटी ठेवायला लावायची. सिनेमा संपेपर्यंत ती वाटी उचलू द्यायची नाही. "हे त्याला कळायला हवं होतं," मावशी म्हणाली. "मी नाही तर कोण सांगणार? दुसरं कोण होतं त्या घरात?"

"म्हणून तो रडला."

"डोळ्यात पाणी आणणं त्याला सुरुवातीपासून जमायचं."

"मावशी, त्याने तुला ओळखलं की नाही?"

तिने हाडं कागदात गुंडाळली. "पोपो कशी आहे म्हणून विचारलं त्याने आधी. तिच्या अंत्यविधीला आला होता, पहिल्या रांगेत बसला होता, पण भोवती एवढी गर्दी की मला बोलता आलं नाही. मग ओळखलं की नाही? ती गेली हेच विसरला असेल. नाहीतर बघत असेल मी खरी आहे का. मला काय माहीत. तूही होतीस ना तिथे."

मी तिथे होते. पाच फुटांवर. आणि मला अजूनही सांगता येत नाही.

घरी येऊन आता तीन आठवडे झाले, मावशी परत गेली. सूरबद्दल कोणी विचारलं तर मी रस्ता सांगते, हॉटेल सांगते, यार्डाला सकाळी जा म्हणते. माझ्या फोनमध्ये बदली माणसाबरोबरचा फोटो आहे, खऱ्याबरोबरचा एकही नाही, कारण त्या वेळी मी फोन काढायचं विसरले. भावंडांच्या ग्रुपवर सगळे विचारतात, खरं होतं का गं? मी 'हो' लिहिते आणि पुसते, कारण नक्की कशाला 'हो' म्हणायचं ते कळत नाही. सूपच्या वाट्या तीन की पाच हेही मी विचारलं नाही. माझ्या मनात राहिली ती मावशी, यार्डातली. ती एवढी वर्षं आमच्या लग्नांत कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसून होती आणि आम्हाला दिसली नव्हती.

जायच्या आदल्या दिवशी तिची बॅग भरताना मी शेवटचं विचारलं, "यार्डात काय बोललीस गं, लोक एवढे हसले ते?"

ती साडीची घडी हातात धरून विचारात पडली. एक वाक्य सुरू केलं, सोडलं. दुसरं सुरू केलं, तेही सोडलं.

"मराठीत त्यात हसण्यासारखं काही नाही गं," ती म्हणाली. आणि घडी बॅगेत ठेवताना एकटीच, खांदे हलेपर्यंत हसत राहिली.