इंजिनाला माया किती सोडायची

तोंडात दोन-चार टाचण्या धरून त्या बोलायच्या. टाचण्या पडायच्या नाहीत आणि शब्दही अडायचे नाहीत. ब्लाऊज नीट बसत नाही म्हणून कुणी आलं की तो उलटा करायच्या, शिवणीवरून अंगठा फिरवायच्या आणि टाचण्यांच्या फटीतून म्हणायच्या, "उसवलं की कळतं."

हे ब्लाऊजपुरतंच नव्हतं. शेजारच्या चिक्कीवाल्याचं सुनेशी पटत नाही, नळाला पाणी येत नाही, माझा चेहरा सकाळी सकाळी उतरलेला आहे, सगळ्यावर हेच. तुमच्याही गल्लीत असं एखादं माणूस असेल, ज्याचं एकच वाक्य सगळीकडे चालतं. आमच्या गल्लीत त्या होत्या.

लोणावळ्याच्या बाजारपेठेमागे, आमच्या ऑफिसच्या बरोबर खाली त्यांचा शिवणाचा गाळा. वर आम्ही फार्महाऊसचे नकाशे आणि मॉडेलं करतो. म्हणजे नकाशे सर करतात आणि पांढऱ्या प्लास्टिकच्या शीटमधून छोटे बंगले मी कापते. मला हे काम आवडतं, कारण कापताना कुणाशी बोलावं लागत नाही. त्यांना मात्र बोलायचं असायचं. मी नवी होते तेव्हाच एकदा त्यांनी मला जिन्यात अडवलं आणि माझ्या कुर्त्याच्या खांद्याला हात लावला.

"ह्यो कुटं शिवला?"

"रेडीमेड आहे."

"कापडाचा खांदा बराबर हाय. तुझाच उतरलाय. ताठ चाल जरा, मंग बसंल."

मी ताठ चालले. कुर्ता बसला. त्याचा मला राग आला, आणि दुसऱ्या दिवसापासून मी त्यांना मावशी म्हणायला लागले.

गणपती झाल्यावर एका दुपारी त्या पहिल्यांदाच जिना चढून वर आल्या. हातात ब्लाऊजपीसमध्ये गुंडाळलेलं काहीतरी. माझ्या टेबलावर सोडलं, तर आत आगगाडीचं इंजिन. वीतभर लांब, लाल-पांढरं, लाकडी पट्टीवर बसवलेलं, शोकेसमध्ये ठेवतात तसं.

"तू बंगल्याला लावतीस त्यो पांढरा पत्रा दे जरा. ह्ये मला मालगाडीचं करायचंय."

मग हळूहळू सगळं कळलं. त्यांची एकुलती एक मुलगी रेल्वेत असिस्टंट लोको पायलट होती, म्हणजे इंजिनात चालकाशेजारी बसणारी. तिची ड्युटी कर्जत ते लोणावळा, घाटात, बँकरवर. घाट चढणाऱ्या गाडीला मागून जे इंजिन ढकलतं त्याला आमच्याकडे बँकर म्हणतात, आणि ते इंजिन असतं मालगाडीचं. तिची निवड झाली तेव्हा बेडशाजवळच्या त्यांच्या गावात सत्कार झाला. शाल, नारळ, आणि मामानं खास पुण्याहून आणलेलं हे इंजिन. मुलीनं ते हातात घेऊन नीट पाहिलं आणि सगळ्यांसमोर म्हणाली, "मामा, हे एक्सप्रेसचं आहे. माझं मालगाडीचं."

"मग?" मी विचारलं.

"मंग काय. घरी आणून कपाटावर ठिवलं तिनं. त्वांड भितीकडं करून."

एवढ्यावर ते कपाटावर राहिलंही असतं. पण दिवाळीनंतर खंडाळ्याहून मुलीला बघायला पाहुणे येणार होते. स्थळ मामानंच आणलं होतं, आणि मध्यस्थाला सांगून टाकलं होतं की आमची भाची मेल-एक्सप्रेस चालवते. मालगाडी, त्यातही मागून ढकलायचं काम, हे त्याला चारचौघांत सांगण्यासारखं वाटत नव्हतं. मुलगी म्हणाली होती, खोटं सांगणार असाल तर मी बाहेर येणार नाही.

"मग तुम्ही सांगा ना मामांना."

तोंडात टाचण्या नसतानाही त्या अडल्या. नवरा गेला तेव्हा याच भावानं त्यांना गावातून इथे आणलं होतं, गाळा उघडून दिला होता, मशीन घेऊन दिलं होतं.

"दादाम्होरं मी कवाच बोलले न्हाई गं." मग इंजिनावर बोट ठेवून म्हणाल्या, "ह्येच बोलंल की. शोकेसमधी ठिवायचं, बास. पाव्हणे बघतील, त्यांचं त्यांना कळंल."

म्हणजे बघा, भावाला नाही म्हणण्यापेक्षा त्यांना एका इंजिनाचं दुसरं इंजिन करणं सोपं वाटत होतं. आणि प्लास्टिकला त्यांनी आयुष्यात कधी ब्लेड लावलं नव्हतं.

सुरुवात अर्थातच उसवण्यानं झाली. जुना रंग काढायला त्यांनी शेजारच्या पार्लरमधून नेलपॉलिश काढायचं पाणी आणलं. रंग निघाला, आणि त्याबरोबर छतही मऊ होऊन त्यांच्या अंगठ्याचा ठसा त्यात कायमचा बसला. त्या ठशाकडे जरा कौतुकानंच बघत म्हणाल्या, "उसवताना कापड वडलं जातंच." पुढे गोंद जास्त झाला आणि एका खिडकीची कड वितळून खाली ओघळली. मी खाली गेले तेव्हा त्यांनी इंजिन माझ्यासमोर धरलं. "खिडकी रडली की गं."

हे सगळं ऐन दिवाळीच्या सीझनमध्ये. गाळ्यात दोरीवर ब्लाऊज लटकलेले, आणि कटिंगच्या टेबलावर मधोमध इंजिन. एक बाई तावातावानं आल्या.

"झाला का?"

"थांबा वैनी, इंजिन वाळतंय."

"मी माझा ब्लाऊज विचारतेय!"

"त्योच की. त्याच्यावरच ठिवलंय. घडी मऊ हाय तुमची."

त्या बाई पुन्हा आल्या की नाही मला माहीत नाही. बहुतेक आल्या असतील. मावशींचा हात सोडून दुसरीकडे जाणाऱ्या बायका मी फार पाहिल्या नाहीत.

मुलीनं फोनवर पाठवलेल्या फोटोंवरून मी मापं काढून दिली. घाटातलं इंजिन लांबीला जास्त. या मॉडेलवर तो फरक बोटभर पडत होता. मला ते संकट वाटलं, त्यांना अजिबात नाही. वाढत्या पोरींच्या फ्रॉकला पट्टी जोडण्यात त्यांचा जन्म गेला होता. इंजिनाचं अंग त्यांनी मधोमध कापलं, माझ्याकडून शीट नेली आणि दुसऱ्या दिवशी मध्ये जोडायची पट्टी कापून वर आल्या. पट्टी हवी त्याच्या दुप्पट रुंद होती.

"मावशी, ही मोठी झाली."

"माया सोडलीय, दोनी बाजूनी."

मला कळलं नाही. इंग्रजी शाळेत जेवढं मराठी माझ्या वाट्याला आलं त्यात माया फक्त आईची असायची, नाहीतर देवाची. शिवणीच्या आत दडवून ठेवलेल्या जादा कापडाला माया म्हणतात हे मला त्या दुपारी समजलं. पुढे अंग भरलं तर उसवून सैल करता यावं म्हणून सोडलेलं कापड. शाळेच्या युनिफॉर्मला त्या गिऱ्हाइकाला न सांगता जास्तच माया सोडायच्या.

"प्लास्टिकला माया सोडत नाहीत," मी म्हटलं. "ते दुमडत नाही. धारेला धार लावायची."

"म्हंजे जेवढं कापलं तेवढंच?"

"तेवढंच."

"आन चुकलं तर?"

"नवीन कापायचं."

त्या समोरच्या खुर्चीत बसल्या. "कसलं गं काम ह्ये! माणसानं चुकायचंच न्हाई?"

कॉलेजात आम्ही सांध्याच्या आतल्या बाजूनं आधाराला एक पट्टी चिकटवायचो. बाहेरून ती दिसत नाही, पण सांधा सुटत नाही. मी तशी कापून लावून दाखवली. त्यांनी इंजिन उलटं केलं, आत डोकावल्या, पट्टीवरून अंगठा फिरवला, आणि तोंडभर हसल्या. "हाय की मंग माया! आतनं हाय."

त्या आनंदात आम्ही दोघींनी अंग जोडलं. सुरेख जुळलं. मग खालच्या चाकांच्या सांगाड्यावर ठेवलं, तर दोन्ही टोकं हवेत. सांगाडा अजून जुन्याच मापाचा होता.

"अगं बाई," मावशी म्हणाल्या, "वरचं वाढवलं, अस्तर राह्यलं."

मुलगी ड्युटी संपवून मधूनमधून यायची. पाठीला बॅग, डोळ्यांत झोप, बोलणं कमी. मला ती लगेच आवडली. इंजिन तळहातावर घेऊन ती शांतपणे चुका सांगायची. कुशीवरच्या जाळ्या उलट्या लागल्यात. खिडक्या एवढ्या मोठ्या नसतात. दिवा इथे नसतो, वर असतो. आणि आई लगेच उसवायला घ्यायची. एकदा मात्र त्यांनी विचारलं, "तू कुटं बसतीस ह्यात?"

मुलीनं सुईच्या टोकानं उजवीकडची खिडकी दाखवली. "इथं."

"म्होरं काय दिसतं?"

"पुढं डबाच असतो आई. आपण मागून ढकलतो ना. पुढच्या ड्रायव्हरचा आवाज येतो वॉकीटॉकीवर. त्या आवाजावर चढायचं."

त्यांनी त्या खिडकीला डोळा लावला. "आन बुडाखाली काय?"

"सीट असते गं. कडक असते, एवढंच."

दुसऱ्या दिवशी मी गेले तर मावशी चिमट्यात काहीतरी धरून बसल्या होत्या. नखाएवढी उशी, निळ्या मखमलीची, चारी बाजूंनी हातशिलाई घातलेली. ती त्यांनी उजव्या खिडकीमागे चिकटवली. छत बसलं की ती कुणाला दिसणार नव्हती.

"आता ही कोण बघणार, मावशी?"

"बघायला न्हाईच ती. बसायलाय."

मग सांगाडाही वाढला, जाळ्या सुलट्या झाल्या, हिरवा रंग लागला, आणि पिवळा पट्टा त्यांनी ब्रशनं एका दमात ओढला, पायपिंग लावावं तसा. तेवढं एकच काम त्यांना पहिल्या फटक्यात जमलं. इंजिन शेवटी जरासं लांबच झालं होतं. मुलगी म्हणाली, "चालेल."

दिवाळीनंतरच्या रविवारी पाहुणे आले. गाळ्यामागच्या खोलीत मुलाचे आईवडील, मुलगा, मामा. मला मावशींनी मुद्दाम बोलावलं होतं. "तू गप बसतीस. मला तेवढीच सोबत लागंल." मी भिंतीशी बसले. मुलगी आत, पडद्यामागे, ऐकत उभी होती. ती बाहेर येईल की नाही हे आमच्यापैकी कुणालाच माहीत नव्हतं.

मामांचा आवाज चार वावरं ओलांडून जाईल असा. "आमची भाची म्हंजे मेल-एक्सप्रेसवर..." त्यांनी सुरुवात केली. मुलाच्या वडिलांनी शोकेसकडे बघितलं. "हे तिचं इंजिन का?"

"व्हय, म्याच आणलंय त्ये." मामा अभिमानानं वळले, आणि बघतच राहिले. "बाय, म्या दिल्यालं कुटं गेलं?"

"ह्येच हाय, दादा."

"ह्ये? ह्ये तर मालगाडीचं दिसतंय."

इंजिनाचं त्याच्या परीनं सांगून झालं होतं. पुढचं त्याला येत नव्हतं. मी मावशींकडे बघितलं. त्यांनी पदर खोचला, गिऱ्हाइकाचं माप घेताना खोचायच्या तसा.

"मालगाडीचंच हाय," त्या पाहुण्यांना म्हणाल्या. "ती त्याच्यावरच असती. आसिस्टंट हाय, डायवर व्हायला येळ हाय अजून. घाटात मागनं ढकलती. एक्सप्रेस बी त्याच्याबिगर वर येत न्हाई." मग त्या भावाकडे वळल्या. आवाज खाली आला, पण थांबला नाही. "दादा, तुमी दिल्यालं म्या टाकलं न्हाई. तिच्या मापाचं क्येलं."

पडदा सरकला. मुलगी बाहेर आली. हातात ट्रे नव्हता. ती सरळ येऊन आईशेजारी बसली.

"रात्रपाळी असते का?" मुलाच्या आईनं विचारलं.

"असते," ती म्हणाली.

ते स्थळ जुळलं नाही. रात्रपाळीच आडवी आली असा निरोप आला. त्याचं मावशींना काही वाटलं नाही, निदान मला तरी दिसलं नाही, आणि मी नीट बघत होते. लागलं ते दुसरंच. मामा गाळ्याकडे फिरकेनासे झाले. गल्लीत त्यांच्यासारखा आवाज आला की मशीन थांबायचं, आणि तो दुसऱ्याच कुणाचा आहे हे कळलं की पुन्हा सुरू व्हायचं. पण "चुकलं माझं" असं त्या एकदाही म्हणाल्या नाहीत.

उन्हाळ्यात मुलीला कर्जतला क्वार्टर मिळालं. मावशीही तिच्याबरोबर गेल्या. आता त्या गाळ्यात मोबाईलची कव्हरं विकतात, आणि जिन्यात मला कुणी अडवत नाही. मी त्यांना फोन करत नाही, मला फोनवर बोलायला सुचत नाही. त्याच करतात, आणि माझ्या वाटचंही बोलून घेतात.

सामान हलवायचं होतं त्या सकाळी गल्लीत टेंपो आला. चालवत होते मामा. मावशींनी त्यांना बोलावलं नव्हतं, मुलीनंही नाही. ते कुणाशी काही बोलले नाहीत. मशीन एकट्यानं उचलून चढवलं, गाद्या रचल्या, दोरी आवळून बांधली. इंजिन तेवढं मावशींनी सामानात जाऊ दिलं नाही. ते मांडीवर घेऊन त्या पुढे, भावाशेजारी बसल्या. दोघांपैकी कुणीच वळून बघितलं नाही.

गल्लीच्या तोंडाशी मोठा गतिरोधक आहे. सुट्टीचा दिवस, रस्ताभर पर्यटकांच्या गाड्या. मामांनी टेंपो इतका सावकाश चढवला, की तो थांबलाच असं मला वाटलं. मागे हॉर्न सुरू झाले. एक वाजला, दुसरा वाजला, मग सगळेच वाजू लागले. मामांनी खिडकीतून कमरेपर्यंत बाहेर येऊन मागे पाहिलं आणि अख्ख्या बाजारपेठेला ऐकू जाईल असं ओरडले, "दमा की जरा! आत मालगाडीचं इंजिन हाय!"