उभ्या राहिलेल्या घंटा

ॲव्हरिल डॉबर्नने आयुष्यभर शाळेची बस चालवली. गावातल्या निम्म्या माणसांना तिने लहानपणी "खाली बस, नाहीतर इथेच उतरवते" म्हणून दटावलेलं होतं. त्यामुळे ती माणसं पोक्त झाली, टकली झाली, तरी तिच्यापुढे जपूनच बोलत. नवरा गेल्यावर तिला दोनच गोष्टी उरल्या होत्या. एक, मागच्या अंगणातली डेलियाची फुलं, आणि दुसरी, चर्चच्या मनोऱ्यातल्या सहा घंटा. घंटा वाजवणाऱ्यांची ती मुख्य. आमचं गाव इंग्लंडातल्या लिंकनशरच्या सपाट, कोबी पिकवणाऱ्या प्रदेशातलं. मध्ये ना डोंगर ना झाड, त्यामुळे इथली घंटा पार शेजारच्या गावांत ऐकू जाते.

मला मनोऱ्यात तिनेच नेलं. मी तिची शेजारीण. नवी आले होते तेव्हा रविवारी घंटा सुरू झाल्या की स्वयंपाकघरात उभ्या उभ्या माझे हात जोडले जायचे. तिने ते कुंपणावरून पाहिलं.

"तू चर्चला येत नाहीस, मग हात कुणाला जोडतेस?"

"देवाच्या दारची घंटा आहे ना," मी म्हटलं.

"मग नुसती उभी काय राहतेस? चल, दोर धर."

तेव्हापासून सगळ्यांत लहान घंटा माझ्याकडे आहे. सकाळी घरी देवापुढे दिवा लावायचा आणि रस्ता ओलांडून मनोरा चढायचा, यात मला कधी अडचण वाटली नाही. तिलाही नाही.

आम्ही सहा जण होतो. सगळ्यांत जड घंटा कॉलिन थॉर्लीची. तो बटाटे पिकवतो, आणि मनोऱ्याची देखभालही तोच करतो, म्हणून एक किल्ली त्याच्याकडे असते. तिसरी घंटा हेलन मेडमेंटची. शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालेली. बाकी पीट नवरा-बायको. युरोपच्या संघातून बाहेर पडायचं की नाही यावर मतदान झालं तेव्हा कॉलिनने बाहेर पडायला मत दिलं आणि हेलनने राहायला. पीटांनी काय केलं ते कुणाला ठाऊक नाही. मला वाटतं, एकमेकांनाही नाही.

मतदानाला तीन वर्षं उलटून गेली तरी भांडण संपेना. दुकानात, केस कापायला गेलं तर तिथे, अगदी मयतीच्या चहालासुद्धा तेच. ॲव्हरिलने मनोऱ्यापुरता नियम घालून दिला होता, "छत्र्या आणि राजकारण जिन्याखाली ठेवून वर या." तिची भीती मला माहीत होती. शेजारच्या थॉर्नविक गावातल्या घंटा वाजवणाऱ्यांचं कशावरून तरी बिनसलं, दोघं सोडून गेले, मग आणखी एक गेला, आणि तिथला मनोरा मुका झाला. आता तिथे कबुतरं राहतात. बसने त्या गावावरून जाताना ती दर वेळी मान वळवून बघायची आणि म्हणायची, "शिकवायला दोन वर्षं लागतात गं, आणि मोडायला एक संध्याकाळ."

अखेर त्या जानेवारीत बाहेर पडायचा दिवस ठरला. शुक्रवार. त्याआधी चर्चच्या हॉलमध्ये गावाची सभा भरली. चौकातल्या पबचा मालक बॅरी उठला.

"शुक्रवारी आपण सुटतोय. शनिवारी ऐन बाजाराच्या वेळी घंटा दणकून वाजल्या पाहिजेत. युद्ध संपलं तेव्हा वाजल्या होत्या!"

"तेव्हा तुझा बापसुद्धा शाळेत होता, बॅरी," मागून कुणीतरी म्हणालं. थोडे हसले.

हेलन हसली नाही. "वाजवा ना. मयतीला वाजवतो तशा वाजवा, आवाज दबावा म्हणून लोलकाला चामडं बांधून. मी आनंदाने येते."

"हरलात तुम्ही, बाई! किती दिवस रडणार?"

"माझा मुलगा रॉटरडॅमला आहे. त्याची पोरं तिथे वाढताहेत. उद्या त्यांना इथे यायला काय काय लागेल ते तू सांगणार आहेस का मला? बिअर ओतता ओतता?"

खुर्च्या सरकल्या. इकडची माणसं तिकडच्यांवर ओरडू लागली. पाद्रीबाई तरुण आणि नव्या. त्या घाईघाईने म्हणाल्या, "मनोऱ्याचं ॲव्हरिलच ठरवेल," आणि सुटल्यासारख्या खाली बसल्या.

ॲव्हरिल उठली. "वाजणार नाहीत. लग्न, मयत आणि रविवार. त्याला सगळं गाव येतं. शनिवारी निम्मं येईल, आणि निम्मं खिडक्या लावून घेईल."

कॉलिनचा चेहरा लाल झाला. "ॲव्हरिल, त्या दिवशी तू माझ्याच गाडीतून मत द्यायला आली होतीस. कुणाला दिलंस ते येताना तूच बोललीस. सांगू इथे?"



"सांग की," ती म्हणाली. "नाहीतर मीच सांगते. बाहेर पडायला दिलं. तरी वाजणार नाहीत."

आता दोन्ही बाजू तिच्यावर उलटल्या. बॅरी ओरडला, "मग घाबरतेस कुणाला?" आणि हेलन तिच्याकडे अशी पाहत राहिली, जणू इतकी वर्षं ती परक्याच बाईशेजारी उभी राहत होती.

दुसऱ्या दिवशी गुरुवार होता, म्हणजे आमच्या सरावाचा दिवस. सहाही जण आले, हेच मला नवल वाटलं. इथे एक गोष्ट सांगायला हवी. आमच्या घंटा नुसत्या लोंबकळत नाहीत. वाजवायच्या आधी झोके देत देत प्रत्येकीचं तोंड आभाळाकडे करायचं. मग ती एका लाकडी टेकूवर तोल धरून उलटी उभी राहते. सराव संपला की तसेच झोके देत तिला खाली उतरवायची. उतरवलेल्या घंटेचा दोर लेकरानं ओढला तरी काही होत नाही. पण उभ्या घंटेचा दोर अजाण माणसाने ओढला, तर वर मणामणाचा धातू गर्रकन फिरतो आणि दोर माणसालाच घेऊन छताकडे जातो. म्हणून कितीही उशीर होवो, ॲव्हरिल घंटा उतरवल्याशिवाय कुणाला जिना उतरू देत नसे.

आम्ही एक फेरी वाजवली आणि घंटा उभ्या करून दम घेत होतो. हेलन न राहवून बोललीच.

"मला निदान सांगायचं तरी होतंस, ॲव्हरिल. माझ्या मुलाचा फोटो तुझ्या फ्रिजवर लावलेला आहे."

"त्याच्याविरुद्ध मत नाही दिलं मी."

"मग कुणाविरुद्ध दिलंस?"

"आली पुन्हा ही!" कॉलिन म्हणाला. "आम्ही सगळे अडाणी, आणि ही एकटी भूगोलाची बाई."

"तुझे बटाटे काढायला कोण येतं रे, कॉलिन? गावातली पोरं येतात? त्या लिथुएनियातल्या बाया उद्या आल्या नाहीत तर तूच वाकणार आहेस का?"

कॉलिनने कोट ओढला आणि धाडधाड जिना उतरून गेला. हेलन रडत त्याच्या मागून गेली. पीटांनी एकमेकांकडे पाहिलं आणि तेही निघाले. ॲव्हरिल भिंतीला टेकून उभी राहिली. मी तिला घरी नेलं, चहा करून दिला. त्या रागात आणि दुःखात सहाच्या सहा घंटा वर तशाच उभ्या राहिल्या. गेलेल्यांना वाटलं, मागे राहिलेल्यांनी उतरवल्या असतील.

शनिवारी बाजार भरला. पबवर झेंडे लावले होते. ॲव्हरिल आणि मी कांद्याची पात निवडत होतो, इतक्यात तिने मान वर केली. मनोऱ्याच्या खिडकीत दिवा लागला होता.

"किल्ली कुणी दिली?" ती पुटपुटली. आणि मग तिचा चेहरा पांढराफटक पडला. "विजू, आपण उतरवल्या नाहीत. देवा, मी उतरवल्या नाहीत!"

सत्तरीची बाई त्या गर्दीतून धावत सुटली. तिची पिशवी मी उचलली आणि मागे पळाले. मनोऱ्याच्या दाराशी कॉलिन हाताची घडी घालून उभा होता.

"ओरडू नकोस. किल्ली मीच दिली. बॅरी आणि त्याची दोन माणसं वर गेलीत. नुसते दोन ठोके देतील आणि येतील. उतरवलेल्या घंटेने काय—"

"त्या उभ्या आहेत, कॉलिन!"

त्याने पुढे काही विचारलं नाही. आमच्या आधी तोच जिना चढू लागला. अर्ध्यावर होतो तोच वरून एक भयंकर टोला पडला, लाकूड फुटल्याचा कडाका आला आणि दगडी जिना हादरला. माझ्या तोंडून गजाननाचं नाव निघालं.

बॅरी भिंतीशी पडला होता. दोन्ही तळव्यांची सालटी निघालेली, एक खांदा विचित्र लोंबत होता. पाचव्या घंटेचा दोर सापासारखा हवेत फटकारे मारत होता. त्याची दोन्ही माणसं कोपऱ्यात दबून बसली होती.

"कुणीही हलू नका. कशालाही हात लावू नका," ॲव्हरिल म्हणाली. हाच तो बसमधला आवाज. पाचवी घंटा बेबंद झुलत हळूहळू थंडावली. पण त्या हिसक्याने वरचा सगळा सांगाडा हलला होता, आणि बाकीच्या घंटांचे टेकू किती धरून आहेत ते कुणालाच सांगता येत नव्हतं. बॅरीला न्यायला ॲम्ब्युलन्सची माणसं त्या दोरांमधूनच येणार होती.

"उतरवायच्या," ती म्हणाली. "आत्ता."

घंटा उतरवायची तर ती वाजतेच. मुकाट्याने उतरवायची सोय नाही. खाली सगळा बाजार उभा होता. ॲव्हरिलला हे माहीत होतं, मलाही, कॉलिनलाही.

जिन्यात पावलं वाजली. टोला ऐकून मिसेस पीट आणि तिच्यामागे हेलन वर आली होती. हेलनने बॅरीकडे पाहिलं, मग दोरांकडे.

"उभ्या?"

"माझी चूक," ॲव्हरिल म्हणाली. "तुझी तिसरी उभी आहे, हेलन."

"बाहेर झेंडे घेऊन उभे आहेत ते! त्यांना काय वाटेल? माझ्या माणसांना काय वाटेल?"

"वाटायचं ते वाटेल. तुला नको असेल तर दोघींच्या घंटा मी एकामागून एक उतरवते. पण ही माणसं तोवर इथेच अडकतील."

बॅरी कण्हला. हेलनने कोट काढून जमिनीवर टाकला आणि दोर धरला.

आम्ही पाचांनी घंटा उतरवल्या. लांब लांब ठोके, मग जवळ जवळ, मग एकमेकांच्या पायात पाय घातल्यासारखे. खालून आरोळ्या उठल्या, मोटारींचे भोंगे वाजले, टाळ्या पडल्या. हेलनच्या गालांवरून पाणी वाहत होतं, पण तिचा एक ठोका चुकला नाही.

खाली आलो तेव्हा भाजीच्या ठेल्याशी उभी असलेली हेलनची जुनी मैत्रीण तिला म्हणाली, "वाजवल्यास ना शेवटी? छान." आणि पाठ फिरवून गेली.

ॲव्हरिलने चर्चच्या दारावर स्वतःच्या हाताने लिहून लावलं, की गुरुवारी घंटा उभ्या राहिल्या ती तिची चूक, आणि शनिवारचा आवाज फक्त त्या उतरवण्याचा होता. एकाही बाजूने विश्वास ठेवला नाही. बॅरीची माणसं म्हणाली, वाजवून आता नाकारते. दुसरे म्हणाले, पाहा, तिचं मत हेच होतं. रविवारी कॉलिन खाली मान घालून आला. पाचव्या घंटेला नवा टेकू त्यानेच बसवला. हेलन आली नाही. पुढच्या रविवारीही नाही.

"पाचच वाजवू," मिस्टर पीट म्हणाले. "सरकून घेऊ जरा."

"सरकायचं नाही," ॲव्हरिल म्हणाली. "तिसरीची जागा मोकळी ठेवायची. एक, दोन, गप्प, चार, पाच, सहा."

असं कुणी वाजवत नाही. ऐकायला फार वाईट वाटतं, पडलेल्या दाताच्या फटीत जीभ जावी तसं. पण ती हटली नाही. रविवारमागून रविवार त्या सपाट मुलखावरून तो खड्डा ऐकू जात राहिला.

मग एका रविवारी आम्ही घंटा उभ्या करून दम घेत होतो, तेव्हा जिन्यात ओळखीची पावलं आली. हेलन दारात उभी राहिली, धापा टाकत, संतापलेली.

"बंद कर हे, ॲव्हरिल! दुकानात मला लोक विचारतात, तुझी घंटा कुठे गेली म्हणून. साऱ्या गावाला कळतंय की मी नाही!"

"कळू दे. तू नाहीसच."

"सरकून घ्या ना!"

"दुसऱ्या कुणाला तिथे उभं करायला मला जमत नाही," ॲव्हरिल म्हणाली. "मी मत दिलं ते दिलं. ते मागे घेणार नाही. फोटोही फ्रिजवरून काढणार नाही. आता तुझं तू ठरव."

कॉलिन आपल्या दोराचं टोक बघत होता. हेलनने त्याच्याकडे पाहिलंही नाही, ॲव्हरिलकडेही नाही. तिने कोट खुंटीला अडकवला, तिसरा दोर सोडवून घेतला आणि झोके देत आपली घंटा उभी केली.

सुरुवात माझ्या घंटेने होते, म्हणून इशारा द्यायचं काम माझं. मी म्हटलं, "सावध. पहिली निघाली." आणि दोर ओढला.