खरं बोललो म्हणून बाद

परवा गंगापूर रोडवर एका वरातीत फटाक्यांची लड लागली. गंधकाचा वास नाकात गेला आणि मी थेट वीस वर्षांमागच्या धुळवडीत जाऊन पडलो.

दर धुळवडीला आमच्या गल्लीत थापांची स्पर्धा असे. पहिला नंबर कायम माझाच. माझी थाप ऐकून गोदावरी दोनदा उलटी वाहिलेली मी स्वतः पाहिली आहे. इतिहासाचे देवरे सर दरवर्षी दुसरे. त्या वर्षी मी भेळेच्या कागदावर वाचलेली थाप काढली.

"चीनच्या बादशहाच्या राजधानीत दारूगोळ्याचा कारखाना उडाला! दगडी सिंह वेशीबाहेर जाऊन पडला, माणसांच्या अंगावरचे कपडे उडून डोंगरातल्या झाडांना लटकले!"

गल्ली गडाबडा लोळली. मानाचा नारळ माझ्या हातात येणार, तेवढ्यात सर उठले.

"अण्णा बाद! जुन्या चिनी नोंदींत आहे हे. हजारो माणसं मेली त्यात."

हशा गपकन थांबला. मागून कुणीतरी ओरडलं, "अरेरे, अण्णा चक्क खरं बोलला!" नारळ सरांना गेला.

त्या मेलेल्या माणसांवर आपण हसलो, याची आज लाज वाटते. सरांवरचा राग मात्र तसूभरही ओसरलेला नाही. सर हल्ली गल्लीत काहीही सांगू लागले, अगदी "उद्या नळाला पाणी येणार नाही" एवढंच, तरी मी शेजारी उभा राहून छातीवर हात ठेवतो. "शंभर टक्के खरं! मी साक्षीला आहे!"

मग एकही बादली कुणी भरून ठेवत नाही.