काळी चार

आमचे मालक काळी चारला गायचे. पेटीवरची ती चौथी काळी पट्टी म्हणजे खरं तर बायकांचा सूर. पुरुषमाणसानं तिथं गायचं म्हणजे ऊर फुटेस्तोवर ओढायचं. पण फुलंब्रीपासून कन्नडपर्यंत त्यांची ओळखच ती. लग्न असो की जयंती, शेवटचा चढाचा चरण आला की माणसं उठून उभी राहायची. मी मागं, झील धरायला, म्हणजे त्यांच्या मागनं धृपद उचलायला. मला तो सूर सहज यायचा, पण पार्टी त्यांची होती, आणि बाई पुढं बसली तर लोक काय म्हणतील याचा घोर सासूबाईंना होता.

"ज्या दिवशी काळी चार सुटंल त्या दिवशी गाणं बंद," असं ते चारचौघांत सांगायचे. माणूस बोलल्याला जागणारा. म्हणून त्यांच्या गळ्याची काळजी त्यांच्यापेक्षा मलाच लई. ते थांबले की पार्टी मोडणार, आणि पार्टी मोडल्यावर मी कुठं गाणार? चुलीपुढं?

पन्नाशी उलटली तसा मालकांचा आवाज जाड होत गेला. वरचा सूर लागायचा, पण चरचरायचा. मानेच्या शिरा दोरीगत तट्ट व्हायच्या. खापर मात्र हवेवर, चहावर, नाहीतर पानवाल्याच्या चुन्यावर.

मग पेटीवाल्या चाचांनी नवी पेटी घेतली. चाचांचं गुलमंडीच्या बाजारात लेस-बटनांचं दुकान. दुकान सांभाळून ते आमच्या संगं वाजवायचे. या पेटीत पट्ट्यांची अख्खी फळी डावीकडं सरकवता यायची. बोटं काळी चारवरच, सूर मात्र खालचा. मालकांची सवय अशी, की सुरुवातीला एकदा चाचांच्या बोटांकडं बघायचं आणि डोळे मिटायचे. बोटं जाग्यावर दिसली की झालं.

मला पहिल्याच दिवशी कळलं, कारण माझा गळा खाली दबला. मी चाचांकडं पाहिलं. "भाभी, इनकू मत बोलो. गाने दो," ते हळूच म्हणाले. मी बोलले नाय. मालक हरखून गेले. ज्येष्ठमधानं गळा परत आणला असं सांगत सुटले, आणि निम्मी गल्ली ज्येष्ठमध चघळायला लागली. दरसाल फळी आणखी जराशी डावीकडं जायची.

देवगाव रंगारीहून सभामंडपाच्या उद्घाटनाचं बोलावणं आलं तेव्हा चाचा तापानं पडले होते. गावच्या भजनी मंडळाचा पेटीवाला घेतला. त्याची पेटी साधी, फळी न सरकणारी. मालकांनी नेहमीसारखी काळी चार मागितली, बोटं बघितली, डोळे मिटले. पहिल्याच ओळीला डोळे उघडले. कसंबसं धृपद रेटलं. शेवटच्या चरणाला आवाज फाटला, नुसता वारा निघाला. समोर अख्खं गाव. मी विचारबिचार काही केला नाय. बसल्या जागेवरनं तो चरण उचलला आणि वर नेला. लोक उभे राहिले. मालकांनी खाली बघत झील धरली.

दुसऱ्या दिवशी मालक चाचांच्या घरी गेले, मीही गेले. चाचांनी लपवाछपवी केली नाय, फळी सरकवून दाखवली. मालकांनी स्वतः ती एकदा इकडं, एकदा तिकडं सरकवून बघितली. आता भांडण होणार असं मला वाटलं. पण त्यांनी चाचांच्या तापाची चौकशी केली आणि पायरी उतरले. घरी आल्यावर म्हणाले, "काळी चार तुझी हाय. आजपासून तू पुढं बस, मी मागं झील धरतो."

लोकांना वाटतं मी तेव्हा रडले असेन. मला राग आला. लई राग आला. तिशीत माझा गळा काय होता हे त्यांच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं, रोज पाठीमागनं ऐकत होते. मी विचारलं, "हे आधी का नाय सुचलं?"

"तवा माझा लागत होता," ते म्हणाले.

मी पुढं बसले. नाव झालं, रेडिओवर गायले. पण बाईचा गळाही उतरतोच. थोड्याच वर्षांत मला तो चरण जड जायला लागला. एका कार्यक्रमात चाचांनी न विचारता फळीला हात घातला, तसं मी सगळ्यांसमोर सांगितलं, चाचा, सरकवू नका, सरळ खालची पट्टी धरा. त्यांनी धरली. मागून मालकांनी झील दिली. त्या सुरात त्यांचा आवाज माझ्याहून गोड लागत होता. मी त्यांना पुढं बोलावलं नाय.