आईची फुगडी बेंगळुरात

कॅसलरॉकच्या फलाटावर माझी पेटी गाडीत चढवली आणि आई खिडकीशी आली. म्हणाली, "शिकाय चाललीयास. थितं फुगडी-बिगडी नगं हां. रानातली म्हणत्याल." गाडी हलली. घर सुटण्यापेक्षा त्या बोलण्यानंच मला जास्त रडू आलं. कारण आमच्या गावात फुगडीला आईचा हात मिळावा म्हणून बायका भांडायच्या. भाताच्या लावणीनं कंबरडं मोडलेलं असलं तरी गणपतीच्या चवथीला ती अंगणात उतरली की थांबायची नाही.

बेंगळुरात मी फिजिओथेरपी शिकले आणि तिथंच नोकरीला लागले. कामावर कन्नड, रिपोर्ट इंग्रजीत, मराठी उरली ती आईच्या फोनपुरती. फुगडीचं नाव कधी कुणापुढं काढलं नाही.

मग सावित्रम्मा आल्या. निवृत्त शिक्षिका, पार्किन्सन्सच्या पेशंट. चालता चालता त्यांचे पाय जमिनीला चिकटायचे, दारात तर हमखास. मी फरशीवर रंगीत पट्ट्या लावल्या, आकडे मोजले. जरा जमायचं, पुन्हा अडायचं. एका सकाळी त्या दारातच खिळल्या आणि रडायला लागल्या. "पुरे झालं. चाकाची खुर्ची आण," म्हणाल्या. मला काय सुचलं कोण जाणे, मी त्यांचे दोन्ही हात धरले आणि फुगडीचा ठेका सुरू केला. गिरकी नाही, नुसती पावलं, तोंडानं "फू, फू". त्यांचा उजवा पाय उचलला. मग डावा. दार ओलांडून आम्ही पार खिडकीपर्यंत गेलो, आणि तिथं दोघीही हसत सुटलो.

आजार गेला नाही, जाणारही नाही. पण ठेका धरला की त्यांचे पाय ऐकू लागले. हळूहळू दर मंगळवारी नाचाचा वर्गच भरू लागला. "हे तुला कुणी शिकवलं?" सावित्रम्मांनी एकदा विचारलं. आईनं, म्हटल्यावर म्हणाल्या, "मग तिलाच बोलव की."

आई आली, पण वर्गाच्या दाराशी अडली. "ह्या शिकल्याल्या माणसांस्नी मी काय शिकवू गं?" मी काही बोलायच्या आत सावित्रम्मांनी थरथरते हात पुढं केले. "बन्नी टीचर," म्हणाल्या. "या, बाई" असं म्हणत होत्या, माझ्या आईला, जिला सही तेवढी करता येते.

आईनं पदर खोचला. दहा मिनिटांत तिनं मलाच झापलं, "तू लई घाई करतीस. आधी त्यांचा पाय बघ, मग ठेका धर." इतक्या वर्षांच्या शिक्षणात हे मला इतकं साधं कुणी सांगितलं नव्हतं. खोलीभर माणसं तिच्याकडं बघत होती. माझी छाती फुगली.

गावातल्या बायांनो, आणि माझ्यासारख्या बाहेर पडलेल्यांनो, घर म्हणजे मागं सोडून आलेली जागा असं मला बरीच वर्षं वाटायचं. आता वाटतं, जिथं माझं शिकणं अजून संपलेलं नाही ते घर. दर मंगळवारी आई तिकडं गावात रेंजसाठी टेकाडावर चढते. मी फोन मधोमध ठेवते आणि आम्ही सगळे पावलं टाकतो. ती पलीकडं आमच्या पावलांचा ठेका ऐकते. कधी म्हणते, "न्हाई, परत." कधी म्हणते, "व्हय, आता बरं हाय."